बिल्ल्याचे चार टाके

कुत्र्याला नाव ठेवायचं नाही, ही पहिली अट होती. अट घालणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीण. हेब्बाळच्या तळ्यापलीकडे तेव्हा नुसती शेतं होती, तिथे त्यांनी जखमी, बेवारशी कुत्र्यांसाठी पत्र्याचा एक आसरा बांधला होता. त्यांच्या शाळेचे गणवेश वर्षानुवर्षं आमच्याकडे शिवले जायचे, एवढीच आमची ओळख. नव्वदीच्या सुरुवातीच्या एका वर्षी, गणपती झाल्यावर, आसऱ्यात कुत्र्यांमध्ये रोगाची साथ आली. ज्यांना लागण नव्हती ती वाचावीत म्हणून बाई एकेक कुत्रं ओळखीच्यांकडे ठेवत सुटल्या. महिन्याभराचा प्रश्न आहे, म्हणाल्या, दसरा झाला की सोमवारी संध्याकाळी न्यायला येईन. नाव ठेवलंत की परत देववत नाही, तेव्हा नाव ठेवू नका. दुसरी अट, मोकळं बाहेर सोडायचं नाही. गळ्यात लायसनचा बिल्ला नसलेली कुत्री कॉर्पोरेशनची गाडी उचलून नेते, आणि नेलेली परत येत नाहीत.

घरात आम्ही दोघंच. मी आणि माझा थोरला भाऊ. मी त्याला अण्णा म्हणते, बाकीची गल्ली मास्टर म्हणते. पुढे शिंपीकामाचं दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. बंगळुरूच्या जुन्या पेटेत आमचं घराणं किती पिढ्यांपासून आहे ते कुणालाच नीट सांगता येत नाही. पण आमचं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे तोंड लपवून हसतात, एवढ्या पिढ्या नक्की झाल्या. माप, कटिंग आणि मशीन अण्णाचं. काज, बटणं, हुक, म्हणजे हाताची सुई लागते ते सगळं माझं. मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. बघायला आलेल्यांना माझी जीभ आवडली नाही आणि मला त्यांचं काहीच आवडलं नाही, म्हणून लग्नाचा विषय केव्हाच मिटला होता. अण्णानेही लग्न केलं नाही. का नाही, ते मी कधी विचारलं नाही.

बाईंचं बोलणं ऐकून अण्णा म्हणाला, "नको. पांढऱ्या शर्टांना केस लागतील." तो नको म्हणाला म्हणून मी हो म्हटलं. कुत्र्याच्या प्रेमाने वगैरे नाही. माझा राग नाकावर असतो आणि हट्ट त्याच्या शेजारीच बसलेला असतो.

कुत्रं तांबूस रंगाचं होतं. एक कान फाटलेला, मागचा डावा पाय लॉरीखाली येऊन वाकडा जुळलेला. पहिले चार दिवस ते कटिंगच्या टेबलाखालून बाहेर आलंच नाही. पाचव्या दिवशी मी काज करत बसले होते, तेव्हा ते येऊन माझ्या पायावर हनुवटी टेकवून झोपलं. बाकी काही नाही. शेपूट हलवली नाही, चाटलं नाही, नुसतं डोक्याचं ओझं माझ्या पायावर टाकलं. माझा पाय बधिर झाला, तरी मी शेवटचं काज होईपर्यंत हलले नाही. माझ्यावर विश्वासून असं अंग टाकणारं त्याआधी कुणी नव्हतं, आणि त्यानंतरही कुणी झालं नाही.

नाव नसल्यामुळे हाक मारायची पंचाईत व्हायची. मी "ए" म्हणायची, पण आमच्या गल्लीत सगळेच एकमेकांना ए म्हणतात. अण्णाची हाक मात्र वेगळी होती. कापड कापून झालं की मोठी कात्री हवेत दोनदा चालवायची, खट् खट्, ही त्याची जुनी सवय. कापड संपलं म्हणजे जेवायची वेळ, हे कुत्र्याने आठ-दहा दिवसांत ओळखलं. खट् खट् झालं की असेल तिथून ते लंगडत यायचं. मग अण्णा उगीचच कात्री वाजवायला लागला. गिऱ्हाईक नाही, टेबलावर कापड नाही, आणि पडद्यापलीकडून खट् खट्. मी आत बसून ऐकायची आणि मनात म्हणायची, बघा, केस नको होते म्हणे.

दिवस सरत आले तसं मला काही सुचेना. बाई येतील, घेऊन जातील, आणि मी पुन्हा रिकामा पाय घेऊन काज करीत बसेन. अण्णाला विचारावं, ठेवून घेऊ या का, असं रोज ठरवायची. पण हट्टाने मीच आणलं, आता गयावया कशी करू, म्हणून रोज गप्प बसायची.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, ऐन गर्दीत अण्णा दुकान माझ्यावर टाकून कुठेतरी गेला. दोन तासांनी आला आणि खिशातून एक पत्र्याचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. वर नंबर, कडेला चार भोकं.

"लायसन काढलं," म्हणाला. "सोमवारी बाई आल्या की सांगू या. राहू दे आपल्याकडेच. कायमचं."

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण आनंदाच्या आधी राग आला. महिनाभर जे मी मनात घोकत होते ते यानं मला एका शब्दाने न विचारता करून टाकलं. पावतीवर मालक म्हणून नावही त्याचं एकट्याचं.

"मला विचारायचंस तरी," मी म्हटलं.

"तू काय नाही म्हणणार होतीस?"

हे खरं होतं, म्हणून मी आणखीच चिडले.

शनिवारी खंडेनवमी. इथले लोक आयुधपूजा म्हणतात आणि आम्ही दोन्ही म्हणतो. ज्या हत्यारावर पोट चालतं ते त्या दिवशी धुऊन, पुसून देवापुढे ठेवायचं. आमच्याकडे मशीन, कात्री, सुया, टेप, इस्त्री. एकदा हळदकुंकू लागलं की हात लावायचा नाही. दसऱ्याचा दिवस जाऊ द्यायचा आणि मग पंचांगात बघून चांगल्या वेळेला हत्यार उचलायचं. आजोबांपासून हे असंच चालत आलेलं.

त्या सकाळी अण्णाने घर झाडताना कुत्र्याची जुनी दोरी फेकून दिली. "आता दोरी कशाला?" म्हणाला. दप्तरांच्या जाड खाकी कापडाचा दुहेरी पट्टा त्याने पूजेआधी मशीनवर शिवला. आत माया जरा जास्तच सोडली होती, पुढे अंगानं भरलं तर उसवून वाढवता येईल म्हणून. बक्कलही लावलं. राहिला फक्त बिल्ला. तो मशीनखाली जाईना, पत्र्याच्या भोकांतून हातानेच शिवायला हवा होता. हातकाम माझं, म्हणून त्याने पट्टा आणि बिल्ला माझ्यापुढे धरला.

"चार टाके टाकतेस का गं? पूजेला अजून स्वल्प वेळ आहे."

"माझे हात गुंतलेत," मी म्हटलं. "तुझा बिल्ला, तुझं लायसन. तूच शिव."

मी झेंडूच्या माळा ओवत होते. म्हणजे सुई माझ्या हातातच होती.

"सरी, बरं," अण्णा म्हणाला. त्यानं ना वाद घातला ना स्वतः शिवायला बसला. हातकाम त्याला कधी जमलं नाही. मशीनवर हार घातला, कात्रीला कुंकू लावलं, आणि नवी वस्तू आहे म्हणून पट्टा अन् बिल्लाही पूजेत ठेवून दिला. दारात कोहळा फोडला, गल्लीतल्यांना चुरमुरे-डाळे वाटले. कुत्र्यालाही दिले. त्याने डाळे वेचून खाल्ले आणि चुरमुरे ठेवले.

शनिवार आणि रविवार ते गल्लीत मोकळंच फिरलं. सुट्टीच्या दिवशी गाडी येत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. रविवारी दसरा झाला आणि माझा राग उतरला. माझा राग असाच आहे, काम बिघडवून मग उतरतो. संध्याकाळी मी अण्णाला म्हटलं, "उद्या मुहूर्त झाला की पहिलं काम तेच करते." तो हसला. "साडेसात ते नऊ राहुकाळ आहे. नऊनंतर कर," म्हणाला.

सोमवारी आठच्या सुमाराला कुत्रं दाराशी जाऊन उभं राहिलं. आदल्या दोन दिवसांसारखंच मी दार उघडलं. सुट्टी संपलीय हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दोन मिनिटांत येईल, म्हणून मी चहा ठेवायला वळले.

गाडीचा आवाज ऐकून बाहेर आले. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी फोडलेल्या कोहळ्याच्या फोडी पडल्या होत्या आणि कुत्रं त्या हुंगत होतं. त्याच्यामागे गाडी उभी. त्या गाडीला दोन्ही बाजूंनी केळीचे खुंट बांधलेले होते, पुढे झेंडूचा हार, काचेवर हळदकुंकवाचे पट्टे. खाली उतरलेल्या दोघांपैकी एकाच्या हातात फासाची काठी होती आणि त्या काठीलाही कुंकू लावलेलं होतं. त्यांनीही आयुधपूजा केली होती. त्यांच्या हत्याराचा मुहूर्त आमच्याआधी निघाला होता, एवढंच.

मी ओरडले, "ए! ए, ये इकडे!" दूधवाल्याने वळून बघितलं. समोरच्या अक्कांनी बघितलं. कुत्र्यानेही मान वर केली, पण ती हाक आपली आहे हे त्याला कळायचं काही कारण नव्हतं. नाव ठेवलं असतं तर मी नाव घेऊन ओरडले असते. आम्ही अट पाळली होती.

माझा आवाज ऐकून अण्णा बाहेर आला, आणि बघताक्षणी त्याला सगळं कळलं. त्याचा हात भिंतीवरच्या खिळ्याकडे गेला, कात्री टांगायच्या. खिळा रिकामा होता. तो वळला आणि पूजेकडे बघत उभा राहिला. कात्री तिथे होती, कुंकू लावलेली, वर फूल ठेवलेली. तो किती वेळ थांबला ते मला सांगता येणार नाही. एक श्वास, दोन श्वास. राहुकाळ चालू होता. मग त्याने झडप घालून कात्री उचलली, फूल खाली पडलं, आणि तो अनवाणी रस्त्यावर धावला.

खट् खट्.

तोवर फास गळ्यात पडला होता. तरी कुत्र्याने ते ऐकलं. त्याचा धड कान उभा राहिला आणि गळ्यात फास असताना ते आमच्याकडे यायला निघालं. नेहमीसारखं लंगडत, जेवायला हाक मारलीय असं समजून. दोन पावलं आलं. मग त्या माणसाने काठी उचलली आणि त्याला गाडीत टाकलं.

"आमचं आहे! लायसन आहे!" आम्ही दोघं ओरडत होतो.

"बिल्ला कुठे?"

"आत आहे, आणते, थांबा."

"गळ्यात नाही ना," तो म्हणाला. उर्मटपणे नाही, साधाच. "कोंडवाड्यात येऊन दाखवा." मी बिल्ला घेऊन बाहेर येईपर्यंत गाडी वळून गेली होती. त्याचं काम त्याने नियमाने केलं. शिव्या द्याव्यात असं माझ्याजवळ कुणी उरलं नाही, आणि मला शिव्या देता येत नाहीत तेव्हा माझं काही खरं नसतं.

सणाच्या दुसऱ्या दिवशी ऑटो मिळेना. हार घातलेल्या ऑटो घरोघर उभ्या होत्या आणि चालक झोपलेले. अर्ध्या तासाने एक मिळाली. ऑटोत मी बिल्ला मुठीत घट्ट धरून बसले होते, तेव्हा माझं लक्ष मनगटाकडे गेलं. माझ्या बांगडीत दोन सेफ्टी पिना अडकवलेल्या होत्या. नेहमीच असायच्या. पिनेला ना पूजा लागते ना मुहूर्त. शनिवारपासून तीन दिवस मी त्या हातात वागवत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते मी लोकांना कितीदा ऐकवलं होतं. मी साडीच्या पदराने मनगट झाकून घेतलं, अण्णाला दिसू नये म्हणून.

कोंडवाड्याच्या फाटकावर एक म्हातारा बसला होता. आमचं ऐकून घेतलं, बिल्ला उलटसुलट करून बघितला.

"स्वल्प आधी यायचं, अक्का," तो हळूच म्हणाला. "बिल्ला नसलेली आम्ही पहिली आटपतो."

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते एवढंच, की त्याने अण्णाला विचारलं, "नवाच दिसतोय. गळ्यात का नाही घातला?"

"राहुकाळ होता," अण्णा म्हणाला.

म्हाताऱ्याने मान हलवली. त्याला ते कारण पटलं. त्याच्याही कपाळावर सणाच्या पूजेचं कुंकू होतं. मला आजवर अनेकांनी अनेक गोष्टी बोलून दाखवल्या, पण त्याचं ते पटणं जेवढं लागलं तेवढं दुसरं काही लागलं नाही.

"बघायचंय?" त्याने विचारलं. मी नको म्हटलं. अण्णा आत गेला आणि लगेच बाहेर आला. "आपलंच," एवढंच म्हणाला. म्हाताऱ्याने वही पुढे केली. मालकाच्या जागी अण्णाने सही केली. कुत्र्याच्या नावाची जागा होती, तिथे म्हाताऱ्याने आमच्याकडे बघितलं. त्याने एक आडवी रेघ मारली.

संध्याकाळी मास्तरीणबाई आल्या. त्यांना काही माहीत नव्हतं. पिशवीतून कागद काढत म्हणाल्या, "मी न्यायला आलेच नाहीये, मास्टर. मधे एकदा कुत्र्याला बघायला आले होते ना, तुमची दोघांची तोंडं बघितली तेव्हाच ओळखलं. कायमचं ठेवून घ्यायचा कागद आणलाय. सही करा, म्हणजे झालं." आणि त्या टेबलाखाली वाकून बघायला लागल्या.

अण्णाने सांगितलं. माझ्या राहुकाळापायी गेलं, म्हणाला. सरळ, खाली न बघता. बाई कागद घडी करून परत ठेवायला लागल्या, तर त्याने हात पुढे केला.

"द्या."

"आता काय उपयोग, मास्टर?"

"असू दे. द्या."

त्याने सही केली. मग पेन माझ्याकडे दिलं. "तूही कर," म्हणाला. "शुक्रवारी तुला विचारायला हवं होतं. माझं चुकलंच."

त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. बाई समोर होत्या, पट्टा टेबलावर पडला होता, शब्द तोंडात होते. शनिवारी याने माझ्यापुढे पट्टा धरला होता, माझ्या हातात सुई होती, आणि मी तोंड फिरवलं, एवढंच सांगायचं होतं. मी सही केली आणि पेन परत दिलं. ज्या कुत्र्याचा जीव घेतला त्याची मी त्या संध्याकाळी मालकीण झाले.

त्यानंतर पंचवीसहून जास्त खंडेनवम्या झाल्या. अण्णा सगळं पूजेत ठेवतो, पण कात्री ठेवत नाही. ती खिळ्यावरच असते. बैल गेला आणि झोपा केला, असं मी एकदा मनात म्हटलं आणि माझी मलाच शिसारी आली. हवेत कात्री चालवायची त्याची सवय त्या सोमवारीच सुटली. कुणी विचारलं, कुत्रं का नाही पाळत, तर तो सांगतो, एक होतं, माझ्या राहुकाळापायी गेलं. माझ्यासमोर सांगतो. मी ऐकून घेते. शनिवारची गोष्ट तो विसरला आहे की त्याला लख्ख आठवते आणि तो ती माझ्यासाठी गिळून बसला आहे, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पहिलं असेल तर मी भ्याड आहे आणि दुसरं असेल तर मी त्याहून वाईट आहे. एकदा माझ्यावर ओरडला असता तर मी सुटले असते. तो ओरडला नाही.

आता त्याला नीट दिसत नाही. दुकान बंद झालं, मशीन आहे. परवा सदऱ्याचं एक बटण हातात घेऊन तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मी भाजी निवडत होते.

"चार टाके टाकतेस का गं?" म्हणाला. "सवडीने टाक, घाई नाही."

मी भाजी तशीच सोडून उठले आणि ओल्या हाताने सुई शोधायला लागले.